सन ऐंशीचा कॉम्प्युटर आणि वैनीची खुर्ची

अन्याय माझ्या वैनीवर झाला. दोन हजार चार साली, तुळशीचं लग्न लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, परतूरच्या एका छापखान्यात, सकाळी शटर वर गेल्यावर आणि पहिला चहा यायच्या आधी. करणारे दोघं: छापखान्याचा मालक आणि त्याचा भाचा. साक्षीला वडीगोद्रीहून लग्नपत्रिका छापायला आलेलं एक कुटुंब. त्यांच्यातलं कुणी तोंड उघडलं नाही.

पत्रक असंच सुरू करायचं असतं. संघटनेत आम्हाला तेवढं एक नीट शिकवलं. "आज देशापुढे अनेक ज्वलंत प्रश्न आहेत" असं लिहून नेलं की जिल्ह्याचा पदाधिकारी कागद परत फेकायचा. म्हणायचा, "ज्वलंत राहू दे. नळाला पाणी कधीपासून न्हाई, कुणाच्या गल्लीत न्हाई, ते पहिल्या ओळीत टाक." तो माणूस पुढं निवडणुकीला उभा राहिला आणि त्याच्या जाहीरनाम्यात ज्वलंत प्रश्न सापडले, पण ते असो.

मी तेव्हा कॉलेजात होते. म्हणजे नाव कॉलेजात होतं, मी संघटनेत होते. पत्रकं मी लिहायची आणि छापायला वैनीकडं न्यायची. वैनी त्या छापखान्यात कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायची. लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हा टायपिंगची परीक्षा पास होऊन आली होती, आणि आमच्या आईनं मुलगी बघताना विचारलेल्या सगळ्या प्रश्नांपैकी स्वैपाकाच्या प्रश्नाला तिनं "शिकेन" असं उत्तर दिलं होतं. अजून शिकून राह्यली. पण टायपिंग असं, की बोटं दिसायची नाहीत. माझं पत्रक ती टाइप करायची आणि वर शेरे मारायची.

"नणंदबाई, 'जाहीर निषेध' तीनदा आलाय. एकदा करा आणि पाणी प्या."

"वैनी, ते जोर येण्यासाठी आहे."

"जोर यायला जेवावं लागतं. दोन काढून टाकले."

तिचं खरं काम मात्र लग्नपत्रिका. आमच्याकडच्या लग्नपत्रिका म्हणजे नवरानवरीची बातमी नव्हे. ती तर सगळ्यांना तोंडी कळलेलीच असते. पत्रिका ही नावांसाठी असते. निमंत्रक, विनीत, स्वागतोत्सुक, चुलते, मामा, मावशा, आत्या, नोकरीवाले जावई, शेवटी "आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं बलं का!" असं म्हणणारी किलबिल मंडळी. कोण कोणाच्या वर, कुणापुढं 'माजी सरपंच' लावायचं, कुणापुढं 'गुरुजी', कुठल्या दोन भावांची नावं एका ओळीत आणायची नाहीत कारण बांधावरून भांडण चालू आहे, हे सगळं वैनीला ठाऊक. नसेल तर ती विचारायची. एकदा लागलेली पत्रिका कॉम्प्युटरमध्ये तशीच राहायची. मंग धाकटीच्या लग्नाला ते लोक यायचे आणि म्हणायचे, "थोरलीची होती तशीच काढा." वैनी ती उघडायची, दोन माणसं वारलेली असायची ती काढायची, चार जन्मलेली असायची ती किलबिलीत टाकायची, झाली पत्रिका. आम्ही बौद्ध. आमच्या पत्रिकेवर गणपती नसतो, बुद्धमूर्ती असते, आणि मजकूरही वेगळा. तोही तिच्याकडं तयार. मुसलमानांच्या पत्रिकेचा साचा वेगळा. सगळ्या तालुक्याचे सोयरे त्या एका डब्यात होते.

डबा म्हणजे तो कॉम्प्युटर. मालकानं नव्वदीच्या मधल्या वर्षांत जालन्याहून आणला होता. त्याला वेगळी खोली होती, खोलीला पडदा होता आणि पडद्याबाहेर चपला काढाव्या लागायच्या. दसऱ्याला त्याच्या टीव्हीला झेंडूचा हार आणि कीबोर्डला हळदकुंकू. कुंकू फटीत जाऊन 'क्ष'चं बटण वर्षभर चिकट. वर लिंबू-मिरची. एवढी बडदास्त असून तो रोज सकाळी एकच रड रडायचा. चालू केला की काळ्या पडद्यावर इंग्रजीत लिहायचा की मला काही आठवत नाही, तारीख गेली, एफ-वन दाबा. दाबलं की उठायचा आणि त्याच्या हिशोबानं दिवस असायचा एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी. दुसऱ्या दिवशी सकाळी परत एक जानेवारी ऐंशी.

"आपल्या मामंजींसारखाच आहे," वैनी म्हणायची. मामंजी म्हणजे माझे वडील. "झोपेतून उठले की वार विचारतात. सांगा न् कामाला लावा."

तारीख दुरुस्त करायच्या भानगडीत ती कधी पडली नाही. पत्रिकेवर तारीख छापायची ती भटजीनं काढलेली, कॉम्प्युटरला कोण विचारतंय?

आता त्या सकाळचं. आदल्या दिवशी तुळशीच्या लग्नाची अर्धी सुट्टी होती. वैनी दुपारीच घरी आली. मालकाचा भाचा नुकताच औरंगाबादहून कोर्स करून आल्ता. केसांना जेल, कमरेला मोबाइलचं पाकीट, बोलताना निम्मं इंग्रजी. दुसऱ्या दिवशी वैनीनं मशीन चालू केलं. प्रोग्राम उघडायला गेली तर चौकट आली. इंग्रजीत. मुदत संपली आहे, विक्रेत्याशी संपर्क साधा. बंद करून परत चालू केलं. तीच चौकट.

वडीगोद्रीची पार्टी बाकावर बसलेली. नवरीचे आईबाप आणि एक चुलता, माजी सरपंच. धाकटीचं लग्न, थोरलीची होती तशीच पत्रिका.

मालक म्हणाला, "बाई, काय दाबलं तुम्ही?"

"काहीच न्हाई दाबलं."

"न्हाई दाबलं तर असं कसं झालं? इतकी वर्षं चालून राह्यलं ना बराबर?"

भाचा पुढं आला, चौकट वाचली, मान हलवली, जशी डॉक्टर लोकं पेशंटच्या नातेवाइकांसमोर हलवतात. "मामा, हे आउटडेटेड आहे. सपोर्ट संपला. आणि ऑपरेटरनं काहीतरी सेटिंग खराब केलेली दिसतीय."

ऑपरेटरनं. तिथं एकच ऑपरेटर होती.

मालक पार्टीकडं वळून म्हणाला, "बाईंनी मशीनची वाट लावली बघा. ऐन सराईत." आणि वैनीला म्हणाला, "तुम्ही घरी जा. नवीन मशीन येतंय. हा बसंल त्यावर."

वैनी उठली. पर्स घेतली, चपला घातल्या. बाकावरचे तिघं जमिनीकडं बघत होते. थोरल्या मुलीच्या पत्रिकेला याच बाईनं चौदा चुलतभावांची नावं वयाप्रमाणं लावून दिली होती.

घरी येऊन ती रडली-बिडली नाही. भाकरी थापायला बसली, आणि ती भाकरी थापते म्हणजे काय झालं असेल ते आम्ही ओळखलं. आई म्हणाली, "बरं झालं, आता घराकडं बघशील." वैनी म्हणाली, "घर पळून जात न्हाई आत्याबाई. खुर्ची गेली. आणि खुर्ची गेली तर गेली, पण मी मशीन मोडलं असं लोकांसमोर म्हणाले ते. आता दुसरा कोणता छापखाना घेईल मला?"

घेणार नव्हताच. परतूर केवढं ते. संध्याकाळपर्यंत भाजीवाली पण म्हणाली, "तुमच्या वैनीकडून काहीतरी दाबलं गेलं म्हणे."

मी काय करणार? मला एकच येतं. मी कागद घेतला आणि वैनीला प्रश्न विचारायला लागले. कोण, कधी, कुठं. शेवटचं व्यवस्थित कधी चाललं? तुझ्यानंतर खोलीत कोण गेलं? सकाळी पहिल्यांदा काय दिसलं? वैनी वैतागली.

"पोलिसात का न्हाई गेलीस तू? सांगितलं ना, चालू केलं, प्रोग्राम उघडला, चौकट आली."

"आणि एफ-वन?"

तिचा हात पिठात तसाच राहिला. "न्हाई गं. त्या दिवशी एफ-वन मागितलंच न्हाई त्यानं. सरळ उठला. मला वाटलं, चला, आज शहाणा झाला."

हे मी आमच्या संघटनेतल्या एका पोराला फोनवर सांगितलं. तो औरंगाबादेत इंजिनिअरिंगला होता, सुट्टीत परतूरला यायचा, आणि मोर्च्यात घोषणा सोडून बाकी सगळं करायचा. आम्ही त्याला इंजिनिअरच म्हणायचो. त्यानं ऐकलं आणि एसटीडी बूथच्या मीटरची पर्वा न करता हसत सुटला.

"अगं, भाच्यानं सेल बदलला!"

झालं होतं ते असं. कॉम्प्युटरच्या पोटात घड्याळासारखा एक छोटा सेल असतो, बंद असताना तारीख लक्षात ठेवायला. मालकाचा तो सेल कधीचाच मेला होता, म्हणून रोज सकाळी ऐंशी साल. आणि मराठीचा तो प्रोग्राम ज्यानं विकला त्यानं मालकाला ओरिजिनल म्हणून नुसती चव बघायची, ठराविक तारखेपर्यंतच चालणारी कॉपी गळ्यात मारली होती. ती तारीख कधीच उलटून गेली. पण प्रोग्राम रोज कॉम्प्युटरला विचारायचा, आज तारीख काय, आणि कॉम्प्युटर सांगायचा, एक जानेवारी ऐंशी. मंग काय, अजून सतरा-अठरा वर्षं मजा. मेलेल्या सेलवर अख्खा छापखाना चालला होता. भाच्यानं तुळशीच्या लग्नाच्या दिवशी हौसेनं डबा उघडला, धूळ पुसली, नवा सेल टाकला, खरी तारीख घातली. प्रोग्रामला एका रात्रीत कळलं की आपण मेलोय.

मी म्हणाले, "मंग सेल काढून टाकायला सांगते मालकाला."

सांगायला गेले. डबा गेला होता. 'जुना द्या, नवा घ्या'मध्ये भाच्यानं तो देऊन टाकला. आतली डिस्क तेवढी काढून नव्या कॉम्प्युटरला जोडली होती, कारण तिच्यात गाणी मावतील. म्हणजे प्रोग्राम होता, सगळे सोयरे होते, पण नव्या घरात. नव्या कॉम्प्युटरची तारीख खरी ठेवावी लागायची, मालकाची बिलं त्यावर निघायची. आणि जुना प्रोग्राम खऱ्या तारखेला उठत नव्हता. भाच्याच्या नव्या प्रोग्रामात जुन्या पत्रिका उघडल्या तर नुसत्या मुंग्या आणि टाचण्या दिसायच्या.

भाच्यानं वडीगोद्रीच्या पार्टीची पत्रिका नव्यानं काढली. दिसायला झकास. सोनेरी किनार, मोरपीस, वाचता न येणारं वळणदार अक्षर. नावं मात्र निम्मी. माजी सरपंचाचं नुसतं नाव, पुढं काही नाही. मामांची एक ओळ गायब. किलबिल साफ.

नवरीचा बाप म्हणाला, "साहेब, माणसं कुठंयत?"

भाचा म्हणाला, "काका, तीस नावं बसत न्हाईत. डिझाइन बिघडतं."

"डिझाइन जेवायला येणारंय का लग्नात?"

अख्खा गठ्ठा परत केला त्यांनी. छपाईच्या मशीनवरच्या कामगारानं तो चुलीला म्हणून आमच्या घरी पाठवला. जाड, गुळगुळीत, पाठकोरी कार्डं. मी ती बघितली आणि माझ्यातली कार्यकर्ती जागी झाली. संघटनेकडं कागदाचा कायम दुष्काळ.

"वैनी, याच्या मागं पत्रक लिहायचं."

"लिही. पण पोरीचं नाव बाजारात फिरवायचं न्हाई." तिनं कात्री घेतली आणि प्रत्येक दुमडलेल्या कार्डाचं नावाचं पान कापून चुलीत टाकलं. उरलं ते मुखपृष्ठ: पुढं सोनेरी गणपती, मागं कोरं. मी आणि दोन मैत्रिणींनी स्केचपेननं हातानं लिहिलं. "परतूरच्या छापखान्यात महिला कामगारावर खोटा आरोप! मशीन बाईनं बिघडवलं नाही. सेल कोणी बदलला? मालकानं जाहीर सांगावं!" तीन निषेध होते, वैनीनं दोन खोडले.

आमची नेहमीची पत्रकं वाटल्यावर दहा पावलांत भज्यांखाली जायची. ही गेली नाहीत. गणपती असलेला कागद परतूरात कुणी पायदळी टाकत नाही, त्यात भजीही खात नाही. किराणावाल्यानं गल्ल्याच्या काचेखाली ठेवला. सलूनवाल्यानं आरशाला खोचला. एका आडत्यानं तर देव्हाऱ्याशेजारी ठेवून रोज उदबत्ती ओवाळली म्हणतात, आणि मागचा मजकूर रोज वाचला. आम्ही बौद्ध माणसं, आमच्या घरात गणपती नाही, पण चळवळीच्या प्रचारासाठी त्यानं जेवढं काम केलं तेवढं आमच्या तालुका कमिटीनं केलेलं मी बघितलेलं नाही.

मालकाचा निरोप आला. मी गेले. त्याच्या टेबलावर तीन पत्रकं होती, गणपती वर करून ठेवलेली.

"पोरी, हे काय चाळे आहेत?"

"खोटं असेल तर सांगा."

"सेलनं कुठं प्रोग्राम मरतो का?" तो भाच्याकडं बघून म्हणाला. भाचा मोबाइलशी खेळत होता. तो म्हणाला, "तसं टेक्निकली पॉसिबल आहे मामा," आणि मला त्या पोराबद्दल आयुष्यात पहिल्यांदा नि शेवटचं बरं वाटलं.

मालक काय गाढव नव्हता. त्याची सराई बुडत होती. गिऱ्हाईक जालन्याला जाऊन राह्यलं होतं. म्हणाला, "तुमचा तो इंजिनिअर जुना प्रोग्राम याच मशीनवर चालवून दाखवतो का? वडीगोद्रीवाल्यांची पत्रिका थोरलीसारखीच काढून दाखवा. मंग बघू."

इंजिनिअर रविवारी आला. बॅगेत कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर फुकट मिळालेली सीडी. वैनीला मी मागच्या दारानं नाही, पुढच्या दारानं नेलं. ती खुर्चीवर बसली नाही. कागदाच्या रिमांवर बसली. म्हणाली, "आधी चालू दे."

इंजिनिअर तिला समजावून सांगत होता, खरं म्हणजे स्वतःलाच धीर देत होता. "वैनी, प्रोग्रामला कॉम्प्युटर दिसत नसतो. त्याला फक्त उत्तरं ऐकू येतात. तो विचारतो, तारीख काय? मेमरी किती? बटण कोणतं दाबलं? कुणीतरी उत्तर देतं. ते उत्तर लोखंडाच्या कॉम्प्युटरनंच द्यावं असं थोडंच आहे? दुसऱ्या एका प्रोग्रामनं सगळी उत्तरं बराबर दिली, तर याला वाटतं आपण आपल्या जुन्याच डब्यात आहोत. कॉम्प्युटरच्या आत खोटा कॉम्प्युटर."

"म्हणजे खोटं बोलायचं त्याच्याशी."

"खोटं न्हाई. त्याला पाहिजे तसं बोलायचं."

"तेच की. आमच्यात त्याला सोयरीक जमवणं म्हणतात."

जुनी अख्खी डिस्क त्यानं एका फाइलीत उतरवून घेतली. तो जुना डबा, झेंडूच्या हारासकट म्हणा, आता एक फाइल होता. मंग पडद्यावर एक छोटी खिडकी उघडली. खिडकीत काळा पडदा. त्यावर तीच जुनी पांढरी अक्षरं मेमरी मोजायला लागली. भोवती नव्या कॉम्प्युटरचं निळं आभाळ आणि हिरवी टेकडी, आणि मधोमध आमचा काळा ठोकळा.

वैनी रिमांवरून उठली. "एफ-वन का मागत न्हाई?"

"याला सेल लागतच न्हाई वैनी. तारीख आपण सांगू ती. कोणती घालू?"

"एक जानेवारी ऐंशी. सवय आहे त्याला."

घातली. बाहेर दोन हजार चार, आत ऐंशी. प्रोग्राम उघडला. मुदतीचं नाव नाही. वैनी खिडकीत वाकून बघत म्हणाली, "म्हणजे सासरात माहेराची खोली काढली की रे. चूल तीच, भिंत तीच, कॅलेंडर पण माहेरचं." आणि माझ्याकडं बघून, "आमच्यासाठी अशी कुणी काढली न्हाई. आम्हालाच सांगितलं, इथल्यासारखी हो."

मी काय बोलणार? मी सासरची.

चालू झालं म्हणजे चाललं असं नाही. बटण दाबलं की अक्षर येईपर्यंत माणूस जांभई देऊन घेईल. इंजिनिअरनं बाकीची सगळी दुकानं बंद केली, म्हणजे भाच्याची गाणी, खाली उड्या मारणारं कुत्रं, पडद्यावरचा मासा. मंग वेग आला. जुन्याएवढाच, पण जुना तरी कुठं पळत होता. प्रिंटरचं मात्र वांधं झालं. प्रोग्राम आत, प्रिंटर बाहेर, दोघांची ओळख नाही. पहिला कागद कोरा आला. दुसऱ्यावर एकच वेलांटी. भाचा मागं उभा राहून हसला. मालकानं घड्याळ बघितलं. मालकानं निरोप धाडून बोलावलेली वडीगोद्रीची पार्टी यायची होती, आणि कोरा कागद निघाला असता तर मालक काय म्हणाला असता ते ठरलेलं होतं: बघा, बाईंनी नव्याचीही वाट लावली.

त्यातच लोडशेडिंगची वेळ. मशीन यूपीएसवर कुईकुई करायला लागलं. वैनीची पत्रिका अर्धी झाली होती, चुलत्यांच्या मध्यात. "गेलं," मी म्हणाले.

"काही न्हाई गेलं," इंजिनिअर म्हणाला. "जिथं आहे तिथं गोठवतो." त्यानं काहीतरी दाबलं आणि आतला कॉम्प्युटर तसाच, उभ्याउभ्या थांबवून ठेवला. लाइट आली, बाहेरचा कॉम्प्युटर सुरू झाला, खिडकी उघडली, आणि माजी सरपंचाच्या 'मा'वर कर्सर लुकलुकत होता. पुढचं 'जी' वैनीनं टाइप केलं.

तेव्हा ती खुर्चीवर बसली होती का? नाही. उभ्यानंच टाइप करत होती, खुर्ची बाजूला सारून. भाच्याला ते विचित्र वाटलं. मला वाटलं नाही.

प्रिंटरची ओळख शेवटी झाली. छपाईची प्लेट ज्यावरून बनते त्या ट्रेसिंग पेपरवर पत्रिका आली. निमंत्रक, विनीत, चुलते, माजी सरपंच, मामा ओळीनं, किलबिल. मोरपीस नव्हतं. त्या कागदात एक गाव भरलं होतं.

वडीगोद्रीचे लोक आले तेव्हा संध्याकाळ होत होती. नवरीच्या बापानं कागद उजेडात धरला, बोटानं नावं मोजली, आणि म्हणाला, "आता कशी! आता बघा, लग्न वाटतंय."

मालक खुश. खुशीत माणसं उदार होतात, तसा तो झाला. "चला बाई, बसा आता आपल्या जागेवर. झालं गेलं गंगेला मिळालं."

वैनी पर्स खांद्याला लावून उभी. "बसते मालक. पण त्या दिवशी हीच मंडळी होती. यांना सांगा, मी काय दाबलं ते."

"आता कशाला ते?"

"तेव्हा यांच्यासमोरच म्हणला होता, म्हणून आता पण यांच्यासमोरच."

मालक खाकरला. "ते काय झालं, सेलमुळं झालं."

"सेल आपोआप गेला का आत?"

भाचा पंखा बघत होता. पंखा बंद होता. मालकानं भाच्याकडं बघितलं, वैनीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मला वाटतं त्याच्या डोळ्यापुढं किराणावाल्याच्या काचेखालची पत्रकं आली असावीत. शेवटी म्हणाला, "ह्यानं सेल बदलला, त्यानं प्रोग्राम बंद पडला. बाईंनी काही बिघडवलं नव्हतं."

मी मनातल्या मनात विजयी घोषणा दिली. वैनीनं दिली नाही. कारण त्या क्षणी नवरीची आई, जी सगळा वेळ पदर सावरत बसली होती, प्रेमानं म्हणाली, "मला तर बाई त्या दिवशीच वाटलं होतं. इतकी चांगली बाई, ती कशाला बिघडवंल? पण म्हटलं, आपल्याला काय करायचं, आपल्याला आपली पत्रिका घेऊन जायची."

वैनी खुर्चीवर बसली. बसता बसता म्हणाली, "मावशी, त्या दिवशीच बोलला असता तर तुमच्या पत्रिका माझ्या चुलीत गेल्या नसत्या." आणि पुढची पत्रिका उघडली.

यावर बरेच लोक मला म्हणतात, हे तू विसर आता. वैनीला खुर्ची मिळाली, पुढं तिनं तो खिडकीतला कॉम्प्युटर आणखी चार वर्षं चालवला, नव्या मशीनवर नेला, परत नव्यावर नेला, आत कायम ऐंशी. आता तर तिनं कॉम्प्युटरची नवी मराठी, ते युनिकोड, पण शिकून घेतली. भाचा पुण्याला गेला, सुखी आहे. मग राग कशाचा?

राग याचा, की मशीनला त्याच्या सवयीप्रमाणं जग उभं करून द्यायला तयार असलेले लोक माणसाला एका मिनिटात उठवतात. प्रोग्रामसाठी खोटी तारीख, खोटा डबा, खोटं घर, सगळं करता येतं, ते मी डोळ्यांनी बघितलंय. बाईसाठी "काय दाबलं" एवढंच. आणि हे आता जागोजागी ऐकू येतं. बँकेत अंगठा लागत नाही, म्हातारी दोषी. रेशनवर नाव सापडत नाही, बाई दोषी. शाळेत सिस्टीम घेत नाही, पोर दोषी. जालन्याच्या एका कार्यालयात मागच्याच महिन्यात एक कारकून एका माणसाला म्हणाला, "तुमचं नाव सॉफ्टवेअरमध्ये बसत नाही, लहान करून आणा." मी मागं रांगेत होते. माझ्या मागं वीसजण होते. ते सगळे बुटांकडं बघत होते.

म्हणून मागणी मालकाकडं नाही. मालकानं बोलून दाखवलं, उशिरा का होईना. मागणी तुमच्याकडं आहे, जे बाकावर बसता, रांगेत उभे राहता. पुढच्या वेळी तुमच्यासमोर कुणाला सांगतील की मशीन तुझ्यामुळं अडलं, तेव्हा स्वतःचा कागद घेऊन घरी जायच्या आधी, तिथंच, त्याच माणसासमोर, मोठ्यानं विचारा: मशीनला हात कुणी लावला होता, आणि ते या माणसाला जमेल तसं चालवून बघितलं का? उत्तर मिळेपर्यंत काउंटर सोडू नका.